दोरात बसणं

पोस्टाची होडी आज आली नाही.
लाटा धक्क्यावर चढून बसल्यात,
आणि पाळक तिकडेच, पलीकडच्या बेटावर,
गळाबंद कोट घालून वाट पाहत उभे.

एरवी तुम्मस वाचायचा.
बत्तीस वर्षं, होडी नसेल त्या प्रत्येक रविवारी,
छापील प्रवचन, एका सुरात, चष्मा नाकावर घसरलेला.
मंगळवारी त्याला हेलिकॉप्टरनं तोर्सहावनला नेलं.
स्ट्रेचरवरून त्यानं चर्चची किल्ली
माझ्या एप्रनच्या खिशात टाकली;
बोलता येत नव्हतं,
नुसत्या डोळ्यांनी म्हणाला: तू.

मी! सुन्नेवा.
मेंढ्यांच्या कानांना खुणा करणारी.
'प'वर अडकते माझी जीभ,
शाळेत अडकायची तशीच, साठीला आल्यावरही.
आणि प्रवचनात काय,
पान उलटावं तिथं पाप, पिता, पुनरुत्थान!

कोपनहेगनहून भाच्याचा फोन आला.
तो माणसांना बोलायला शिकवतो, पैसे घेऊन.
म्हणाला, "मावशी, आरशासमोर उभी राहा,
स्वतःच्या डोळ्यांत डोळे घाल, म्हण: मला जमतं.
सगळं तुझ्या आतच आहे."

राहिले उभी.
आत काय आहे ते मला चांगलं ठाऊक आहे:
बहिणीशी अकरा वर्षांचा अबोला,
एका वादळात उघडं राहिलेलं फाटक,
सात कोकरं कड्याखाली,
आणि ती वाऱ्यानं नेली असं घरात सांगणारी मी.
या बाईला मी दमडी उसनी दिली नसती.
विश्वास कुठून ठेवू?

रात्रभर डोळा लागला नाही.
आठवत राहिला तो दोर.
मी चौदा वर्षांची, भाऊ नव्हता म्हणून मीच,
अंड्यांच्या दिवसांत बाबा मला
पहिल्यांदा कड्यावरून खाली सोडत होते.
पायांखाली पांढरी पाखरं, त्यांच्याखाली त्याहून पांढरा फेस.
दोर असा आवळला की बोटं निळी पडली.
वरून बाबा ओरडले,
"धरू नकोस गं त्याला! दोरात बस.
स्वतःच्या मुठीनं इथं कुणी तरलं नाही.
वर आम्ही सहा जण आहोत."
मला ते सहा दिसत नव्हते.
दिसत होता फक्त ताणलेला दोर, आकाशात शिरलेला.
मुठी सैल व्हायला किती वेळ लागला, देव जाणे.
मग कमरेखालची पट्टी माझ्या वजनानं भरली,
आणि मी, घाबरलेलीच, बसले.

सकाळी नऊ माणसं. दाराशी एक कुत्रं.
छताला टांगलेलं लाकडी जहाज गारठ्यात हळूच वळलं.
पहिल्याच ओळीत अडकले. प... प... प...
नीट बंद न केलेल्या नळासारखी.
कुणीतरी खोकलं.
मी मान वर केली.

वेदीमागचं ते जुनं चित्र,
लहानपणापासून पाहत आलेले:
पाण्यावर उभा ख्रिस्त, आणि बुडणारा त्याचा कोळी.
कोळ्याचा हात मी कधी नीट पाहिलाच नव्हता.
त्याची मूठ उघडी आहे.
बोटं पसरलेली, कशालाच न धरलेली.
धरलंय ते मनगट, आणि धरलंय त्यानं.

म्हटलं, मनातच:
प्रभू, सुटल्या बघ मुठी.
आता वजन तुझ्याकडे.

मग शब्द आले. सगळे नाहीत, सरळही नाहीत.
एक पान गाळलं, दोन ओळी दोनदा वाचल्या.
'पिता'ला चार हिसके लागले,
पण चौथ्याला तो वर आला, ओला, धापा टाकत.
हातांची थरथर शेवटपर्यंत होती.
मार्युन नंतर एवढंच म्हणाली, कॉफी निवली असेल.

संध्याकाळी भाच्याला कळवलं:
मला नाही जमलं रे.
पण झालं.

मग बराच वेळ फोन हातात तसाच.
बहिणीचा नंबर मला अजून पाठ आहे.